मशीनच्या पोटातलं मशीन

१९ जुलै, शुक्रवार

आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझा लॅपटॉप मेला.

वेळ नक्की सांगता येते, कारण पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ हीच त्यात मी पाहिलेली शेवटची गोष्ट. 'टुकरी' या शब्दापुढे 'बंजारा स्त्रीची आरसे लावलेली ओढणी' एवढं टंकून झालं होतं. पूर्णविराम द्यायला बोट उचललं आणि पडदा काळा. बटण दाबून धरलं, चार्जर काढून पुन्हा लावला, झाकण मिटून दहा मिनिटं थांबलो. काही नाही.

पुढेमागे ही वही कोणाच्या हाती लागलीच तर नोंद असावी. मी भीमसिंग आडे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, मुक्काम उमरखेड. गेली बारा वर्षं मी आमच्या गोरबोलीतले, म्हणजे बंजारा बोलीतले, शब्द मराठी अर्थासह गोळा करतो आहे. कालपर्यंत चार हजार दोनशे सतरा झाले. 'टुकरी' चार हजार दोनशे अठरावा. (अमरसिंग, म्हणजे माझा मुलगा, म्हणतो की बाबा, तुम्ही वहीतसुद्धा भाषण करता.)

ज्या म्हाताऱ्या माणसांकडून शब्द घेतले त्यातली निम्मी आता नाहीत. ते शब्द फक्त त्या डब्यात आहेत.

अमरसिंगची याडी, म्हणजे त्याची आई, माझी पत्नी, बाजूलाच बसून तुरीची डाळ निवडत होती. तिला म्हटलं, "सगळं गेलं." ती म्हणाली, "कुठं गेलं? इथंच तर आहे टेबलावर." तिला यातलं काही कळत नाही.

२० जुलै, शनिवार

धम्मरत्न येऊन गेला. चौथीत माझ्या वर्गात होता, पाढे चुकायचा. आता आयटीआयमध्ये संगणक शिकवतो आणि मी त्याच्यासमोर पाढे चुकलेल्या पोरासारखा उभा.

स्क्रू काढून त्यानं आत टॉर्च मारला. म्हणाला, "सर, मदरबोर्ड गेला. तेरा वर्षं चालला, आता काय त्याच्याकडून अपेक्षा करता? पण डिस्क जिती आहे." डिस्क काढून एका लहान डबीत घातली आणि अमरसिंगनं दिवाळीला पाठवलेल्या नव्या लॅपटॉपला वायरनं जोडली. तो लॅपटॉप मी आजवर पिशवीतून काढलाच नव्हता.

निदान असं. डिस्कचा जो भाग विंडोज चालवतो तो खराब झाला आहे. माझी शब्दांची फाईल दुसऱ्या भागात आहे, ती शाबूत. पण ती 'शब्दकोठी' नावाच्या जुन्या प्रोग्राममध्येच उघडते. तो प्रोग्राम ज्यानं बनवून दिला तो पोरगा आता परदेशात, त्याचा पत्ताही नाही. आणि शब्दकोठी नव्या विंडोजवर चालत नाही. धम्मरत्ननं फाईल तशीच उघडून दाखवली तर पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि कसल्या तरी मिशा.

मी शांतपणे म्हणालो, "काळजी नको. दर महिन्याच्या एक तारखेला मी पेनड्राईव्हवर प्रत काढतो. आठ वर्षं."

त्यानं पेनड्राईव्ह लावला. एकेका फाईलवर टिचकी मारून पाहिली.

"सर, हे तर शॉर्टकट आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमी घर नाई उचललं, घराच्या पत्त्याची पाटी उचलली. शहाण्णव वेळा."

याडी आत चहा गाळत होती. ती हसली असं मला वाटलं, पण ती म्हणते ठसका लागला.

२३ जुलै, मंगळवार

दोन दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. जेवलो, झोपलो, बसस्टँडपर्यंत जाऊन परत आलो.

अमरसिंगचा फोन आला, "बाबा, जुनं सोडा आता." मी फोन याडीकडे दिला.

दुपारी ती म्हणाली, "वही घ्या, मी सांगते, परत लिहा." तिला वाटतं चार हजार शब्द म्हणजे वाणसामानाची यादी. पण बसून बसून कंटाळा आला होता, म्हणून वेळ जावा एवढ्यासाठी दोनशे पानी वही काढली. ती भाकरी थापता थापता बोलत होती. स्वयंपाकघरातले झाले, मग गोठ्यातले, मग लग्नातले: वेतडू म्हणजे नवरदेव, नवलेरी म्हणजे नवरी, ढावलो म्हणजे नवरी गळ्यात पडून रडत रडत म्हणते ते गाणं. ढावलोचा अर्थ सांगताना तिनं तो थोडा म्हणूनही दाखवला. पीठ हाताला तसंच.

संध्याकाळपर्यंत एकशे चाळीस शब्द झाले. माझी स्मरणशक्ती अजून चांगली आहे म्हणायची.

२५ जुलै, गुरुवार

आशा आहे!

धम्मरत्न चार वाजता आयटीआयतून सरळ घरी आला, चपला काढायच्या आधी बोलायला लागला. डिस्कवर दोन नाही, तीन भाग आहेत. तिसरा लपलेला. त्याला रिकव्हरी पार्टिशन म्हणतात. "सर, कंपनीनं लॅपटॉप इकताना एका कोपऱ्यात अख्खं विंडोज गठडं बांधून ठेवलं असते. कधी बिघडलं तर गठडं सोडा, पयल्या दिवशीसारखं मशीन तयार. तुमचं गठडं अजून बांधलेलंच आहे. बारा-तेरा वर्षं कोणी हात नाई लावला."

"पण ज्या मशीनमध्ये ते सोडायचं ते तर मेलं."

"तेच तर! नवीन लॅपटॉपच्या आत आपण एक खोटं मशीन बनवू. व्हर्च्युअल मशीन. त्याले वाटन आपण वेगळा कॉम्प्युटर हाव. त्याची डिस्क खोटी, मेमरी उसनी, पण त्याले कोण सांगते? गठडं तिथं सोडू. जुनं विंडोज चालू झालं की शब्दकोठी चालन."

मी दोनदा ऐकलं तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. याडीनं एकदाच ऐकलं. म्हणाली, "म्हणजे नवीन पोटुशी आहे." धम्मरत्न इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

२८ जुलै, रविवार

आज फक्त गठडं उतरवून घेतलं. धम्मरत्नचं म्हणणं, डिस्क म्हातारी आहे, तिच्याकडून जास्त काम करवून घ्यायचं नाही. आधी लपलेल्या भागाची आणि माझ्या फाईलची प्रत नव्या लॅपटॉपवर काढायची, मग जे काय प्रयोग करायचे ते प्रतीवर. या वेळी शॉर्टकट नाहीत ना, हे मी तीन वेळा विचारून घेतलं.

काम तीनदा मध्येच तुटलं. एकदा तीस टक्क्यांवर, एकदा बाराला, एकदा एकेचाळीसला. धम्मरत्न घामाघूम. त्याला वाटलं डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे. मीही देवाचं नाव घेतलं.

याडी दारातून म्हणाली, "खिडकीचा पडदा लागून राह्यला त्या वायरीला. पंख्यानं उडते, वायर हलते, डबीवरचा दिवा विझते." धम्मरत्नशी बोलताना ती अशीच बोलते, आमच्यात गोरबोली.

तिला म्हटलं, इथं गंभीर काम चालू आहे. मग मी बारकाईनं निरीक्षण केल्यावर वायर सैल बसत असल्याचं माझ्या ध्यानात आलं. पडदा बांधून टाकला. पुढच्या खेपेला शंभर टक्के.

वहीतले शब्द चारशे दहा.

३० जुलै, मंगळवार

धक्का बसला. खोटं मशीन तयार झालं. धम्मरत्ननं त्याला नाव दिलं 'आडे सर'. ते चालू केलं, गठड्याचं दार उघडलं, कंपनीचं नाव झळकलं आणि खाली इंग्रजीत ओळ आली की हा संगणक आमच्या कंपनीचा नाही, सबब ही सोय देता येत नाही.

"असं कसं? गठडं आपलं आहे."

"सर, गठड्याच्या दारावर कंपनीचा चौकीदार बसवला आहे. तो मशीनचं आधारकार्ड पाह्यते. खोट्या मशीनवर कंपनीचं नाव नाई, म्हणून आत सोडत नाई."

दोन तास झाले. काय काय बदलून पाहिलं, चौकीदार हलेना. मी निराश होऊन खुर्चीत मागे रेललो. याडी चहा घेऊन आली, कप ठेवता ठेवता म्हणाली, "चौकीदारासंगं कायले बोलून राह्यले? पोतं आत आहे हे माहीत आहे ना? मागून उचला."

मी म्हटलं, हे काही गोदाम नाही.

पाच मिनिटांनी मला एक कल्पना सुचली. धम्मरत्नला विचारलं, "हे कंपनीचं दार वापरायचंच नाही असं ठरवलं तर? गठडं थेट उचलून ठेवता येईल का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे पाहिलं. म्हणाला, "येते, सर. दुसऱ्या दुरुस्तीच्या डिस्कनं मशीन चालू करायचं आणि विंडोजची फाईल हातानं सोडायची. मले सुचलंच नाई." जाताना दारात थांबून तो मोठ्यानं म्हणाला, "काकू, चहा लय भारी होता."

चहा नेहमीसारखाच होता.

१ ऑगस्ट, गुरुवार

गठडं सोडलं. काळ्या पडद्यावर एक आज्ञा, तिच्याखाली टक्के. आम्ही तिघं बसून टक्के पाहत होतो, जसं पूर्वी लोक क्रिकेटचे आकडे पाहायचे. शंभर झाले. धम्मरत्ननं खोटं मशीन पुन्हा चालू केलं.

चार रंगीत ठिपके आले, एकमेकांकडे सरकले, आणि पडदा निळा. इंग्रजी अक्षरं. पुन्हा चालू केलं, पुन्हा निळा.

धम्मरत्न म्हणतो घाबरू नका. विंडोज जागं झालं, पण ज्या तऱ्हेच्या डिस्कची त्याला सवय आहे तशी सापडली नाही. खोट्या डिस्कचा प्रकार बदलून पाहू.

मला जेवण गेलं नाही. याडीनं ज्वारीच्या दोन भाकरी खाल्ल्या आणि ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवली. म्हणाली, "उठलं तर आहे ना? झोपेतून उठल्यावर माणूससुद्धा आधी चप्पल शोधतो."

३ ऑगस्ट, शनिवार

चालू झालं!!

डिस्कचा प्रकार बदलला, पुन्हा तेच चार ठिपके, आणि मग ते सूर वाजले, जे मी तेरा वर्षं रोज सकाळी ऐकत होतो. नव्या लॅपटॉपच्या मधोमध एक चौकट, आणि चौकटीत माझा जुना लॅपटॉप, पहिल्या दिवशी दुकानातून आणला तसा. मागे तेच निळं आकाश. याडीनं टाळ्या वाजवल्या. धम्मरत्नच्या डोळ्यांत पाणी होतं, तो म्हणतो धूळ.

शब्दकोठीचा मूळ प्रोग्रामही जुन्या डिस्कवर सापडला, 'न्यू फोल्डर ३' नावाच्या फोल्डरमध्ये. तो आत सोडला, माझी फाईल आत सोडली, दोन टिचक्या मारल्या.

पहिला शब्द आला, मग दुसरा. खाली सरकवत सरकवत शेवटी: टुकरी, बंजारा स्त्रीची आरसे लावलेली ओढणी. पुढे टंकायच्या जागेची उभी रेघ लुकलुकत होती. शब्दकोठी दर अक्षराला जतन करते हे मी विसरलोच होतो. मी पूर्णविराम दिला.

एक गोष्ट. या विंडोजची नोंदणी जुन्या मशीनशी बांधलेली, म्हणून आता ते तीस दिवसच नीट चालेल. धम्मरत्न म्हणतो, लय झाले. तेवढ्यात शब्द बाहेर काढू, नव्या प्रकारच्या अक्षरांत, युनिकोडमध्ये, बदलू, म्हणजे पुढे कोणत्याही मशीनवर उघडतील आणि छापताही येतील.

गल्लीत पेढे वाटले.

४ ऑगस्ट, रविवार

दिवसभर शब्द बाहेर काढले. आता मोठा तक्ता तयार आहे: शब्द, अर्थ, वापर, सांगणारा. हा शेवटचा रकाना मी फार काटेकोर भरत आलो आहे. कोणाकडून शब्द घेतला त्याचं पूर्ण नाव आणि तांडा. कोणाचं श्रेय बुडू नये.

धम्मरत्न तक्ता तपासत होता. सांगणाऱ्यांच्या नावाप्रमाणे त्यानं ओळी लावल्या आणि कोणाचे किती शब्द ते मशीनकडून मोजून घेतलं. मोरसिंग नाईक, एकशे बारा. कासीराम भगत, एकशे नव्वद. असे साठ-सत्तर लोक. मी एकेकाची आठवण सांगत होतो. मग त्यानं विचारलं,

"सर, हे 'घरी' म्हणजे कोण?"

"कोण घरी?"

"सांगणाऱ्याच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी 'घरी' लिहिलं आहे."

"असतील शंभर-दोनशे."

"दोन हजार नऊशे सहासष्ट."

मी चष्मा पुसला. म्हटलं, परत मोज. त्यानं परत मोजलं. मशीन चुकत नाही.

धम्मरत्न लवकर निघून गेला. त्याला काही काम नव्हतं, तरी गेला.

मी वरपासून वाचत बसलो. घरी. घरी. घरी. घरी. बी पेरण्याचे शब्द, बाळंतपणाचे, सुईदोऱ्याचे, शिव्या, कोडी, अंगाई. प्रत्येक शब्दाला मला ती वेळ आठवायला लागली. मी टेबलाशी बसलेलो आणि ती चुलीशी. मी विचारायचो आणि ती सांगायची, आणि मी 'घरी' लिहून पुढे जायचो. बारा वर्षं मला खरंच वाटत होतं की मला आठवतंय.

मग या वहीची मागची पानं चाळली. पडद्याची वायर. चौकीदार. ती पानं फाडावीत असं वाटलं, फाडली नाहीत.

५ ऑगस्ट, सोमवार

सकाळी ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मी चिमटे हातात धरून उभा राहिलो. ती म्हणाली, "आज काय झालं?"

मी सांगितलं. आकडा सांगितला.

ती म्हणाली, "बरं." आणि धोतर झटकलं.

"तुला राग नाही आला?"

"पहिल्या वर्षी आला होता. एका शब्दापुढे मोरसिंग नाईकाचं नाव लिहिलं तुम्ही. तो शब्द त्याला मीच सांगितला होता, लग्नात. तेव्हा आला होता राग."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले तेव्हा म्हणालात, डाळ जळते आहे."

मला तो दिवस आठवत नाही. डाळ जळली असेल.

मी म्हणालो, "आपल्यात बायकोचं नाव घ्यायची पद्धत नाही, म्हणून तसं लिहिलं गेलं असेल."

"अमरसिंगचे बापू," ती म्हणाली, "मी तुमचं नाव घेत नाही ती पद्धत. तुम्ही माझं लिहिलं नाही ती पद्धत नाही." आणि हसली. अशी हसली की चिमटे माझ्या हातातून पडले, मग मीही हसलो.

दुपारी धम्मरत्नला फोन करून बोलावलं. तो म्हणाला, एका टिचकीत सगळीकडे 'घरी' बदलते, नाव सांगा. मी सांगायला लागलो, तर ती मध्येच म्हणाली, "थांबा. नाव असं लिहा: बसंती. पुढे माझ्या बापाचा तांडा, लालू नाईक तांडा. शब्द तिथले आहेत. या घरात तर मी एकोणीस वर्षांची आले."

धम्मरत्ननं टंकलं. दोन हजार नऊशे सहासष्ट जागा एका क्षणात बदलल्या. ती पडद्याजवळ गेली, चौथी शिकलेली आहे, बोटानं एकेक अक्षर वाचलं. मग बोट दुसऱ्या रकान्यात सरकलं आणि कपाळाला आठी पडली.

"हे काय लिहिलं? हवेली, मोठे घर?"

"हवेली म्हणजे मोठं घरच."

"मराठीत असेल. आमच्यात नवरी बैलावर उभी राहून माहेराचा निरोप घेते, ते गाणं म्हणजे हवेली. मी स्वतः उभी राहिले होते. तुम्ही समोर होता, फेटा सारखा करत." ती खुर्ची ओढून बसली. "आता सगळं वाचा. पहिल्यापासून."

२१ ऑगस्ट, बुधवार

बरेच दिवस वहीला सवड नाही. रोज सकाळी नऊ ते बारा बसंती तपासते, मी दुरुस्त करतो. तीनशे चाळीस चुका निघाल्या. त्यातल्या तीनशे वीस माझ्या, वीस मोरसिंग नाईकाच्या. हे तिनं मोजायला लावलं.

धम्मरत्न अधूनमधून येतो. आता पहिल्यांदा स्वयंपाकघरात जाऊन विचारतो, काकू, काही अडलं का.

२७ ऑगस्ट, मंगळवार

लालू नाईक तांड्याला जाऊन आलो. तीजचा शेवटचा दिवस. पोरींनी नऊ दिवसांपूर्वी टोपल्यांत पेरलेला गहू वीतभर वाढला होता, तो डोक्यावर घेऊन त्या नाचत विसर्जनाला निघाल्या. बसंतीनं तक्त्याची छापील प्रत नेली होती. परत आल्यावर ती झाडाखाली बसली आणि बायका गोल करून बसल्या. ती शब्द वाचायची, बायका भांडायच्या: असं नाही, तसं. मी मागे वही घेऊन बसलो. देवीलाल नाईक, तांड्याचे प्रमुख, माझ्या शेजारी येऊन म्हणाले, "मास्तर, पुस्तक तुमचं ना? तुम्ही मागे का?"

"पुस्तक त्यांचं आहे. मी लिहून घेतो."

एका फार म्हाताऱ्या बाईनं पेरणीआधीच्या पहिल्या ढगाला एक शब्द सांगितला. असा ढग जो नुसता येऊन पाहून जातो, पडत नाही. बसंती थांबली. तिलाही तो माहीत नव्हता. माझ्याकडे वळून म्हणाली, "लिहा." मी लिहिला. सांगणाऱ्याच्या रकान्याशी थांबलो.

"आजी, तुमचं नाव?" बसंतीनं विचारलं.

"लिही, गोविंदाची याडी."

"गोविंदा तुमचा मुलगा. तुमचं नाव सांगा."

 बायका म्हातारीकडे पाहायला लागल्या. तिनं टुकरीचा पदर तोंडाशी धरला, इकडंतिकडं पाहिलं. शेजारची सून म्हणाली, मलाही माहीत नाही. शेवटी म्हातारी खुदकन हसली, अगदी टोपल्या घेऊन गेलेल्या पोरींसारखी, आणि हळूच म्हणाली, "हेमली."

मी नाव पूर्ण लिहिलं, तांड्यासकट.